अभिनंदन! आपली निवड झाली आहे, आता आपलं नाव सांगा

मराठी घरांत निमंत्रणाची पारख कुणाला शिकवावी लागत नाही. ‘या ना एकदा जेवायला’ असं कुणी म्हणालं की ऐकणारा ‘हो हो, येऊ की’ म्हणतो, म्हणणारा ‘नक्की हं’ म्हणतो आणि दोघंही निर्धास्त मनानं आपापल्या वाटेला लागतात. त्या ‘एकदा’वर विसंबून कुणी घरी स्वयंपाक न करता दारात जाऊन उभं राहिल्याचं ऐकिवात नाही. याउलट ‘गुरुवारी साडेबाराला या, पुरण घालतेय, आजींना पण आणा’ हे निमंत्रण. वार ठरलाय, वेळ ठरलीय, पदार्थ ठरलाय, आणि मुख्य म्हणजे तुमच्या घरात आजी आहेत हे बोलावणारीला ठाऊक आहे. इतकी तल्लख पारख असलेला हा समाज मोबाइलवर ‘अभिनंदन! तुमच्यासाठी प्री-अप्रूव्हड क्रेडिट कार्ड तयार आहे’ असं वाचलं की मात्र थेट पाटावर जाऊन बसतो. वास्तविक कसोटी इथंही तीच आहे. बोलावणाऱ्याला तुमच्याबद्दल आधीपासून काय माहीत आहे आणि तुम्हाला अजून काय काय सांगावं लागणार आहे, एवढंच पाहायचं. मंजुरी खरंच झाली असेल तर प्रश्न संपलेले असतात. प्रश्न शिल्लक असतील तर मंजुरीही शिल्लक आहे, मग अभिनंदनापुढे उद्गारचिन्हं कितीही असोत.

ही कसोटी फोनवर सगळ्यात लवकर लागू पडते. ‘सर, आपल्या नावावर प्री-अप्रूव्हड कार्ड आलेलं आहे,’ असं पलीकडून उत्साहानं सांगितलं जातं, आणि त्याच्या पुढचंच वाक्य असतं, ‘सर, आपलं नाव?’ ज्या नावावर कार्ड आलं ते नाव सोडून बाकी सगळं त्यांच्याकडे आहे, असं क्षणभर समजू. पण मग प्रश्नांची रांगच लागते. नोकरी की बिझनेस? हातात पगार किती येतो? आधीचं कुठलं कार्ड आहे का, म्हणजे कार्ड-टू-कार्ड बेसिसवर करून देतो. लिमिट किती आहे त्याचं? पिनकोड? शेवटचा प्रश्न सगळ्यात मासलेवाईक, कारण त्याचा अर्थ असा की त्या बँकेचं कार्ड तुमच्या गावात मिळतं की नाही हेही अजून पाहिलेलं नाही. याला मंजुरी म्हणायचं तर जनगणनेला आलेल्या शिक्षकांनीही दर वेळी आपल्याला काहीतरी मंजूर केलं असं म्हणावं लागेल. फोन कुठून आला हेही पाहण्यासारखं असतं. जाहिरातीच्या फोनसाठी १४० पासून सुरू होणारे नंबर आणि बँकांच्या सेवेच्या फोनसाठी १६०० ची मालिका अशी सोय केलेली आहे, तरीही ‘बँकेच्या हेड ऑफिसमधून’ बोलणारा माणूस बहुधा साध्या दहा आकडी मोबाइलवरून बोलत असतो. त्या पोरावर राग काढण्यात मात्र काही अर्थ नाही. तो बँकेचा नोकरही नसतो, एजन्सीचा असतो, महिन्याला अमुक इतके फॉर्म ‘लॉगिन’ व्हायलाच हवेत ही टांगती तलवार त्याच्या डोक्यावर असते, आणि ‘प्री-अप्रूव्हड’ हा शब्द त्याला स्क्रिप्टमध्ये लिहून दिलेला असतो.

एसेमेस जरा जास्त लक्षपूर्वक वाचावा लागतो, कारण त्याला आपण उलट प्रश्न विचारू शकत नाही. ‘५,००,००० रुपयांपर्यंतच्या लिमिटचं प्री-अप्रूव्हड कार्ड, खास तुमच्यासाठी, आजच अर्ज करा, अटी लागू.’ यात ‘पर्यंत’ हा शब्द इमानदार आहे, कारण पंधरा हजारसुद्धा पाच लाखांपर्यंतच येतात. ‘अर्ज करा’ हेही इमानदारच आहे. मंजूर झालेल्या गोष्टीसाठी कुणी अर्ज मागत नाही, म्हणजे संदेशानं आपली कबुली स्वतःच देऊन टाकली आहे. पण खरी मौज वर, पाठवणाऱ्याच्या नावात असते. तिथं आधी दोन अक्षरं, मग आडवी रेघ, मग कंपनीचं सहा अक्षरांचं आखूड नाव आणि त्यापुढे आणखी एका आडव्या रेघेनंतर एकुलतं एक अक्षर असतं. फेब्रुवारी २०२५ मध्ये दूरसंचार नियामक ट्रायनं नियमांत दुरुस्ती करून हे शेपूट लावायला सांगितलं: ‘पी’ म्हणजे प्रमोशनल, ‘एस’ म्हणजे सर्व्हिस, ‘टी’ म्हणजे ट्रान्झॅक्शनल आणि ‘जी’ म्हणजे सरकारी. तेव्हा मजकुरात ‘खास तुमच्यासाठी निवड’ आणि शेपटीला ‘पी’ असं दिसलं, तर ही खास निवड आणखी काही लाख लोकांचीही झालेली आहे असं समजायला हरकत नाही. (‘एस’ असला म्हणजे ऑफर खरीच, असा उलटा निष्कर्ष मात्र काढू नये. शेपूट ओळख सांगतं, चारित्र्य नाही.) आणि व्हॉट्सॲपवर कुणी कार्डासाठी एखादी फाइल डाउनलोड करायला सांगत असेल किंवा ओटीपी मागत असेल, तर ती ना ऑफर ना जाहिरात. तो सरळ दरोडा आहे आणि त्याची तक्रार १९३० वर करायची.

मग खरी ऑफर दिसते कशी? बहुतेक वेळा ती कंटाळवाणी दिसते. ज्या बँकेत पगार जमा होतो तिच्याच ॲपमध्ये, पासवर्ड टाकून आत गेल्यावर, एका कोपऱ्यात गुमान पडलेली असते. कार्ड कोणतं ते ठरलेलं असतं. लिमिट ‘पर्यंत’ नसतं, १,३७,००० असा काहीतरी ओबडधोबड आकडा असतो. गोल आकडा बहुतेक वेळा जाहिरातवाल्यानं लिहिलेला असतो आणि वेडावाकडा आकडा गणितातून निघालेला असतो, म्हणून वाकड्यावर विश्वास अधिक ठेवावा. पत्ता भरलेला असतो, पॅनचे शेवटचे आकडे दिसत असतात, ऑफर अमुक तारखेपर्यंत आहे हे लिहिलेलं असतं. पगाराची स्लिप कुणी मागत नाही, कारण दर महिन्याला किती येतो, सरासरी शिल्लक किती राहते, पाच तारखेला कुठल्या दुसऱ्या बँकेचा हप्ता कापला जातो आणि वीस तारखेनंतर खात्याची काय अवस्था होते, हे बँकेला घरच्यांहून जास्त ठाऊक असतं. शुल्क आणि व्याज दाखवलं जातं, संमती घेतली जाते, संपलं. पूर्वी पतपेढीत दहा हजार उचलायचे तर दोन जामीनदार लागत, आणि ते मिळवायला चहा पाजत गावभर फिरावं लागे. इथं तुमचं खातं स्वतःच स्वतःला जामीन राहिलेलं असतं. या दोन टोकांच्या मधेही एक जात आहे. एखाद्या खरेदीच्या किंवा पेमेंटच्या ॲपवर ‘तुम्ही पात्र आहात’ असं येतं, काही माहिती त्यांना खरंच असते आणि बाकीची व्हिडिओ केवायसीत, पॅनकार्ड कॅमेऱ्यासमोर नाकाच्या उंचीवर धरायला लावून, गोळा केली जाते. तिथं प्रश्न मोजावेत. जितके कमी, तितकी ऑफर खरी.

यावर बँकेच्या बाजूनं एक आक्षेप येणारच, आणि तो फेटाळून लावण्यासारखा नाही. आज एखाद्याची ऐपत पाहून शब्द दिला आणि उद्या त्याची नोकरी गेली, तर बँकेनं डोळे मिटून कार्ड द्यायचं का? मुळीच नाही. प्रश्न शंभर टक्के बांधून घेण्याचा नसून किती टक्के बांधून घेतलं की ‘मंजूर’ म्हणायची मुभा, हा आहे. अमेरिकेनं याचं उत्तर कायद्यात लिहून ठेवलं आहे. तिथल्या १९७० च्या फेअर क्रेडिट रिपोर्टिंग ॲक्टप्रमाणे क्रेडिट ब्युरोकडून लोकांची यादी आधीच गाळून घ्यायची असेल, तर त्या यादीतल्या प्रत्येकाला ‘फर्म ऑफर’ द्यावी लागते. म्हणजे ज्या निकषांवर निवडलं ते निकष माणूस अजूनही पुरे करतो की नाही हे बँक तपासू शकते, उत्पन्नाची खातरजमा करू शकते, पण ‘आता आम्हाला वेगळंच काही वाटतंय’ म्हणून माघार घेऊ शकत नाही. ते निकष आधी ठरवून ऑफरनंतर तीन वर्षं दप्तरी ठेवावे लागतात. नको असेल त्याला यादीतून नाव काढून घेण्याचाही हक्क आहे. कायदा आला की पळवाट येतेच, तशी इथंही आली. शिकागोच्या सातव्या सर्किट न्यायालयापुढे २००४ साली एक प्रकरण गेलं. त्यातल्या पत्रात साडेएकोणीस हजार डॉलरपर्यंतच्या कर्जाची बात होती, हमी मात्र जेमतेम तीनशे डॉलरची, तीही मोटार विकत घेण्यासाठीच वापरायची. तीनशे डॉलरमध्ये मोटारीचा आरसा आणि वायपर आले असते. नुसता ‘ऑफर’ शब्द लिहून भागत नाही, तिला घेणाऱ्याच्या दृष्टीनं काही मोल असावं लागतं. नसेल तर तो मोटार खपवण्याचा बहाणा ठरतो, असा त्या न्यायालयाच्या म्हणण्याचा रोख होता.

अगदी बिनप्रश्नाची, सोळा आणे मंजुरी द्यायचा प्रयोगही होऊन गेला आहे, आणि तो बँकांच्या अजून स्मरणात असावा. सप्टेंबर १९५८ मध्ये बँक ऑफ अमेरिकेनं कॅलिफोर्नियातल्या फ्रेझ्नो शहरात सुमारे ६०,००० लोकांना टपालानं कार्डं पाठवून दिली. अर्ज नाही, विचारणा नाही, पाकीट फोडलं की कार्ड. नाव विचारायचा प्रश्नच नव्हता, कारण ते कार्डावर छापलेलं होतं. सुमारे ४ टक्के लोक पैसे थकवतील असा बँकेचा अंदाज होता, प्रत्यक्षात २२ टक्क्यांनी थकवले. पुढे याच कार्डाचं ‘व्हिसा’ झालं, पण असं न मागता कार्ड पाठवण्यावर अमेरिकेनं १९७० मध्ये बंदी घातली. तेव्हा सगळ्यांना खरीखुरी आगाऊ मंजुरी द्या अशी मागणी कुणी शहाणा माणूस करणार नाही. मागणी एवढीच, की ज्यांना ती परवडत नाही त्यांनी तिचं नाव घेऊ नये.

दुसरा आक्षेप थट्टेच्या सुरात येतो. अहो, ही जाहिरात आहे हे शेंबड्या पोरालाही कळतं. ‘प्री-अप्रूव्हड’ वाचून फसतो कोण? याचं उत्तर अनुमानानं द्यायची गरज नाही, कारण जाहिरात करणाऱ्यांनीच ते मोजून ठेवलं होतं. अमेरिकेच्या फेडरल ट्रेड कमिशननं सप्टेंबर २०२२ मध्ये क्रेडिट कर्मा या कंपनीविरुद्ध कारवाई जाहीर केली आणि प्रकरण ३० लाख डॉलरवर मिटलं. (कंपनीच्या नावातच फळाची सोय होती.) कमिशनचा आरोप असा, की ‘तुम्ही प्री-अप्रूव्हड आहात’ असं सांगून कंपनी ग्राहकांना कार्डांच्या अर्जाकडे पाठवत होती आणि अनेक ऑफरींच्या बाबतीत अर्ज करणाऱ्यांपैकी जवळपास एक तृतीयांश लोकांना नकार मिळत होता. त्याहून बोलकी गोष्ट पुढची. ‘मिळण्याची शक्यता उत्तम आहे’ आणि ‘प्री-अप्रूव्हड’ असे दोन मजकूर दोन गटांना दाखवून पाहिल्याचं कंपनीच्याच कागदांत निघालं, आणि दुसऱ्या मजकुराला जास्त क्लिक मिळाले होते. शेंबडी पोरं ओळखत असतील, पण मोठी माणसं बटण दाबत होती. आणि शब्दानं काहीच फरक पडत नाही असं असतं, तर एवढ्या कंपन्यांनी तो इतक्या प्रेमानं वापरलाच नसता.

शिवाय ही थट्टा फुकट पडत नाही. अर्ज केला की बँक सिबिलसारख्या क्रेडिट ब्युरोकडून तुमच्या कर्जफेडीचा अहवाल मागवते आणि तिथं ‘एन्क्वायरी’ म्हणून नोंद होते: कुठल्या बँकेनं, कुठल्या तारखेला, कशासाठी. कार्ड मिळो न मिळो, नोंद राहते. महिन्याभरात अशा पाच-सहा ‘खास तुमच्यासाठी’ ऑफरींना भुलून अर्ज केले, की सातव्या बँकेला वाटतं हा गृहस्थ पैशासाठी दारोदार हिंडतोय, आणि तीही नाही म्हणते. म्हणजे नसलेल्या मंजुरीच्या मागे लागून असलेली पत घालवायची. यात सगळ्यात जास्त पोळतो तो नुकती पहिली नोकरी लागलेला मुलगा, ज्याच्या नावावर अजून कसलंच कर्ज नाही, म्हणून कसला इतिहासही नाही. बरं, आपल्या अहवालात काय लिहिलंय हे पाहायला पैसे पडत नाहीत. २०१७ पासून प्रत्येक क्रेडिट ब्युरोनं वर्षातून एकदा पूर्ण अहवाल फुकट द्यायचा असा रिझर्व्ह बँकेचा नियम आहे, आणि आपला अहवाल आपणच पाहिल्यानं स्कोअर घटतो ही निव्वळ अफवा आहे.

आपल्याकडे रिझर्व्ह बँक या बाबतीत झोपलेली नाही. कार्डांसंबंधी तिचे २०२२ चे निर्देश वाचले तर त्यात सूनमुख पाहण्याआधीच्या सासूसारखी चौकशी आहे. न मागता कार्ड द्यायचं नाही. संमतीशिवाय कार्ड देऊन किंवा ‘अपग्रेड’ करून बिल लावलं, तर शुल्क परत आणि वर त्याच्या दुप्पट दंड ग्राहकाला. तीस दिवसांत कार्ड सुरू केलं नाही तर ओटीपीनं पुन्हा विचारायचं, आणि होकार आला नाही तर फुकटात बंद करायचं. फोन सकाळी दहा ते संध्याकाळी सात एवढ्याच वेळात करायचा. अर्ज नाकारला तर नेमकं कारण लेखी कळवायचं. हे शेवटचं कलम तर सोन्यासारखं आहे. ‘आमच्या अंतर्गत धोरणानुसार’ हे उत्तर मिळालं, तर ज्या अंतर्गत धोरणानं काल अभिनंदन केलं त्याच धोरणानं आज काय पाहिलं, हे विचारायचा तुम्हाला हक्क आहे. एवढ्या बारकाव्यांत ‘प्री-अप्रूव्हड’ म्हणजे काय याची व्याख्या मात्र शोधून सापडत नाही, आणि जी गोष्ट नियमानं सांगितलेली नाही ती एजन्सीच्या स्क्रिप्टनं आपल्या परीनं सांगून टाकली आहे.

इथवर वाचून कुणाला वाटेल की खरी ऑफर ओळखता आली म्हणजे जिंकलो. तर तिसरा आक्षेप मीच घेतो. खोट्या ऑफरीनं फार तर तुमची दहा मिनिटं आणि सिबिलातली एक ओळ जाते. खरी ऑफर जास्त जपून उघडावी, कारण ती हिशोब करून पाठवलेली असते, आणि हिशोब बँकेनं केलेला असतो. तुम्ही फेडू शकाल एवढं तिनं पाहिलं, ते खरंच. पण दर महिन्याला सगळं बिल वेळेवर भरून पॉइंटांवर मिक्सर नेणाऱ्या माणसावर बँकेची कमाई बेताची असते. चांगली कमाई बिलातला थोडासा भाग भरून बाकीचं पुढे ढकलणाऱ्यावर होते, आणि ते ढकलणं सोपं जावं म्हणूनच बिलावर ‘किमान देय रक्कम’ अशी एक छोटी, प्रेमळ रक्कम ठळक छापलेली असते. एक लाख थकलेले आहेत, व्याज महिना साडेतीन टक्के आहे आणि किमान रक्कम पाच टक्के आहे, असं धरू. तुम्ही पाच हजार भरता आणि कर्तव्य केल्याच्या भावनेनं झोपता. त्यातले ३,५०० व्याजाचे, त्यावर १८ टक्के जीएसटीचे ६३०, आणि मूळ लाखातून उतरतात ८७० रुपये. पाच हजारांतून ८७०, तेही त्या महिन्यात कार्डावर एक पैशाचीही नवी खरेदी केली नाही तर. वर्षाचं व्याज साध्या गुणाकारानंच बेचाळीस टक्के होतं. या दरानं पैसे देणाऱ्या सावकाराला एकेकाळी मराठी सिनेमात खलनायकाचं काम मिळत असे. आता तो आधी अभिनंदन करतो. अर्जाबरोबर व्याजाचा दर, शुल्क वगैरे एका पानावर मांडून देण्याची सक्ती त्याच निर्देशांत आहे आणि ते पान निघतंही. पण या ८७० रुपयांचं गणित आजवर कुठल्या एसेमेसात, शेपटीला ‘पी’ असो की ‘एस’, आलेलं दिसत नाही. जागा अपुरी पडली म्हणावं, तर अभिनंदनापुढची दोन उद्गारचिन्हं काढली असती तरी ते बसलं असतं.